कांदा-लसणाच्या जागी हिंग : महाराष्ट्रीय गृहपाकातील एका पर्यायाचा इतिहास

बीजशब्द : गृहपाक, कांदा, लसूण, हिंग, निषिद्धान्न, चातुर्मास, पर्यायी घटक, आहार-इतिहास.

प्रस्तावना

'नावडतीचे मीठ अळणी' ही म्हण मराठी भाषकांच्या नित्य परिचयाची आहे. या म्हणीतील मिठात कोणताही दोष नाही. दोष पाहणाऱ्याच्या मनात आहे. नावड ही अनेकदा पदार्थाच्या गुणधर्मातून नव्हे, तर त्या पदार्थाशी जोडलेल्या नात्यांतून जन्माला येते, हे सत्य या म्हणीने नेमके सांगितले आहे. घरगुती स्वयंपाकात एखादा घटक नको असतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा घटक योजला जातो. ही गोष्ट वरवर पाहता केवळ रुचीची अथवा सोयीची वाटते. परंतु हा घटक कोणाला नको आहे, तो नको असे कोणी ठरविले आणि त्याच्या जागी नेमके काय आले, असे प्रश्न विचारू लागताच स्वयंपाकघराचा इतिहास समाजाच्या इतिहासाशी जोडला जातो.

महाराष्ट्रात या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण कांदा-लसूण आणि हिंग यांचे आहे. कांदा आणि लसूण वर्ज्य मानणाऱ्या घरांतून, किंवा ते वर्ज्य असणाऱ्या दिवसांत, फोडणीतील त्यांची जागा हिंगाने घेतलेली दिसते. ही प्रथा इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. एरवी ज्याला कोणी 'हिंग लावून विचारत नाही', अशा क्षुल्लक वाटणाऱ्या विषयातही सामाजिक इतिहासाची महत्त्वाची साधने दडलेली असतात, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) कांदा-लसणाच्या निषेधाचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
२) हिंग हा पर्याय म्हणून कसा रुजला, याचा शोध घेणे.
३) हा पर्याय मूळ घटकाची कोणकोणती कार्ये पार पाडतो, याचे विश्लेषण करणे.
४) या बदलामागील सामाजिक आशय स्पष्ट करणे.

यासाठी स्मृतिग्रंथ, वैद्यकग्रंथ, परकीय प्रवाशांचे वृत्तांत आणि प्रचलित गृहपाकातील रूढी यांचा आधार घेतला आहे. स्वयंपाकाची परंपरा मुख्यतः स्त्रियांच्या हातांतून व तोंडी सांगण्यातून चालत आली. त्यामुळे लिखित साधनांत ती क्वचितच उमटते. फोडणीची पद्धत, मसाल्याची घडण आणि सणावारांचे नियम हीही इतिहासाची साधने आहेत, असे येथे गृहीत धरले आहे.

निषेधाची परंपरा

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गृंजन, कांदा आणि कवक म्हणजे भूछत्रे हे पदार्थ द्विजांना अभक्ष्य सांगितले आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायातही हाच निषेध असून तेथे भक्षणाबद्दल चांद्रायण प्रायश्चित्त सांगितले आहे. येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. हा निषेध सर्व मनुष्यांना उद्देशून नाही, तो द्विजांना उद्देशून आहे. म्हणजेच कांदा हा मुळात 'वाईट' पदार्थ म्हणून नव्हे, तर विशिष्ट वर्णाच्या आचाराला न शोभणारा पदार्थ म्हणून वर्ज्य ठरला. 'तामसी' हे आज सर्रास वापरले जाणारे कारण या निषेधाला नंतर चिकटलेले दिसते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस व तामस आहाराची लक्षणे दिली आहेत. परंतु तेथे कांदा किंवा लसूण यांचा नावानिशी उल्लेख नाही.

या निषेधाची सामाजिक बाजू चिनी प्रवाशांच्या वृत्तांतातून अधिक स्पष्ट होते. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियानने मध्यदेशातील लोक कांदा-लसूण खात नाहीत असे नोंदविताना चांडाळांचा मात्र अपवाद केला आहे. सातव्या शतकात आलेल्या, आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेलेल्या ह्युएनत्संगने कांदा-लसणाची लागवड अल्प असल्याचे व तो खाणाऱ्यास नगराबाहेर घालविले जात असल्याचे लिहिले आहे. या दोन्ही नोंदींत पदार्थाच्या चवीविषयी एक शब्दही नाही. त्या माणसांना आत आणि बाहेर ठेवणाऱ्या सीमारेषेविषयी आहेत.

तथापि, निषेध असूनही लसणाचे गुण नाकारणे वैद्यकाला शक्य नव्हते. १८९० साली मध्य आशियातील कुचा परिसरात सापडलेल्या, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील 'बॉवर हस्तलिखित' या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथाचा आरंभीचा भाग लसणाच्या कल्पाचा आहे. त्यात लसणाची उत्पत्ती अमृत प्यालेल्या असुराच्या रक्तापासून सांगितली आहे, आणि म्हणूनच द्विजांनी तो खाऊ नये असे म्हटले आहे. परंतु त्याच ग्रंथात ब्राह्मणासाठी एक वाटही काढून दिली आहे. गाईला तीन रात्री जवळजवळ चाऱ्याविना ठेवावे, मग गवतात लसणाची पात मिसळून खाऊ घालावी, आणि तिचे दूध, दही, तूप वा ताक ब्राह्मणाने सेवन करावे. म्हणजे रोगही जाईल आणि आचारही राहील. पर्यायाच्या इतिहासात ही नोंद अत्यंत महत्त्वाची आहे. निषिद्ध पदार्थाचा गुण हवा आहे, पण त्याचे नाव व रूप नको आहे, ही मानसिकता येथे उघडपणे व्यक्त झाली आहे. हिंगाचा विचार करताना हे सूत्र पुन्हा उपयोगी पडेल.

हिंगाची वाटचाल

हिंग हा भारतीय भूमीतील पदार्थ नाही, याची साक्ष त्याच्या नावांतच आहे. अमरकोशात हिंगाला 'बाल्हीक' व 'रामठ' ही नावे दिली असून त्यांपैकी पहिले नाव बाल्ख प्रदेशाकडे निर्देश करते. ह्युएनत्संगनेही गझनी परिसराच्या वर्णनात हिंगाच्या वनस्पतीची नोंद केली आहे. इराण, अफगाणिस्तान आणि मध्य आशियातील कोरड्या, थंड डोंगराळ भागांत वाढणाऱ्या 'फेरुला' वर्गातील वनस्पतींच्या सोटमुळाला छेद देऊन जो चीक मिळतो, तो वाळला की हिंग होतो. चीक मिळण्याजोगे झाड व्हायला साधारण चार-पाच वर्षे लागतात.

येथे एक रंजक योगायोग सांगणे अप्रस्तुत ठरणार नाही. पाश्चात्त्य जगातही हिंग पर्याय म्हणूनच प्रविष्ट झाला. उत्तर आफ्रिकेतील सायरीन प्रदेशात मिळणारी 'सिल्फियम' ही वनस्पती ग्रीक व रोमन स्वयंपाकात अत्यंत मोलाची होती. अलेक्झांडरच्या सैन्याला हिंदुकुशाच्या परिसरात 'सिल्फियम' मिळाल्याचे व त्याच्या साहाय्याने कच्चे मांस पचविता आल्याचे स्ट्रॅबोने लिहिले आहे. ही वनस्पती हिंगाच्याच कुळातील असावी, असे मानले जाते. पुढे पहिल्या शतकात प्लिनीने नोंदविल्याप्रमाणे सायरीनचे सिल्फियम दिसेनासे झाले. अखेरचा एक दांडा सम्राट नीरोकडे पाठविण्यात आला आणि इराणकडून येणाऱ्या, तुलनेने हलक्या मानल्या गेलेल्या मालावर रोमला भागवावे लागले. म्हणजे एका टोकाला पदार्थ नाहीसा झाला म्हणून हिंग आला. तर दुसऱ्या टोकाला, म्हणजे आपल्याकडे, पदार्थ मुबलक असूनही नको होता म्हणून हिंग आला. अभावातून आलेला पर्याय आणि निषेधातून आलेला पर्याय यांतील हा भेद लक्षणीय आहे.

मात्र हिंग भारतात आला तो काही कांद्याची जागा घेण्यासाठी आला नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निदीपन, अनुलोमन व वातकफशमन करणाऱ्या द्रव्यांत हिंगाला श्रेष्ठ म्हटले आहे. म्हणजे त्याचा प्रवेश औषध म्हणून झाला. कल्याणीच्या चालुक्य दरबारातील दोन ग्रंथ या संदर्भात शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (इ.स. १०७६ ते ११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने इ.स. ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात डाळी व मांस या दोन्हींच्या पाककृतींत हिंगाच्या पाण्याचा वापर वारंवार आढळतो. एकाच राजसभेत एकीकडे अभक्ष्याचा विचार करणारे धर्मशास्त्र आणि दुसरीकडे हिंगाच्या पाण्याने सिद्ध होणारा राजपाक नांदत होता. तेथे हिंग हा कशाचा पर्याय नसून स्वतःच्या बळावर मिरविणारा पदार्थ आहे. त्याला पर्यायाची भूमिका पुढे गृहपाकाने दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

गोव्यातील एक साक्ष

हिंगाच्या सामाजिक स्थानाविषयीची एक मोलाची साक्ष गोव्यात मिळते. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली भारतात आला. भारतातील वनौषधी व द्रव्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात हिंगावर स्वतंत्र संवाद आहे. औषधात व जेवणात संपूर्ण हिंदुस्थानात सर्वाधिक वापरली जाणारी वस्तू हीच, असे तो सांगतो. ज्याला विकत घेणे परवडते तो प्रत्येक हिंदू हिंग घेतो. श्रीमंत लोक, विशेषतः खंबायतकडील वाणी, तो भरपूर खातात. भाजी शिजविण्यापूर्वी भांड्याला आतून हिंग चोळतात. मात्र भाकरी आणि कांदा यांखेरीज ज्यांच्यापाशी काही नाही असे कष्टकरी लोक अगदीच गरज भासली तर हिंग खातात, असेही तो लिहितो.

ऑर्टाच्या या एका निरीक्षणात दोन्ही पदार्थ एकमेकांसमोर उभे राहतात. हिंग हे ऐपतीचे लक्षण आहे, तर कांदा हे श्रमाच्या शिदोरीचे. हाच ऑर्टा पुढे आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवितो. हिंगाचा वास त्याला स्वतःला अत्यंत घाणेरडा वाटतो, पण हिंग घातलेल्या भाजीला तसा वास येत नाही. यात नवल काहीच नाही, कारण कांद्याचाही वास वाईट असतो आणि कांदा घातलेले अन्न मात्र सुवासिक लागते, असे तो म्हणतो. ज्या समाजाने कांदा टाळून हिंग घेतला, त्या समाजातील कोणाही ग्रंथकाराने केली नाही ती तुलना एका परकीय वैद्याने सहज करून ठेवली.

गृहपाकातील पर्यायाची रचना

महाराष्ट्रात कांदा-लसणाच्या वर्ज्यतेला कालमर्यादेची जोड मिळालेली दिसते. आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी या चातुर्मासात अनेक घरांतून कांदा, लसूण व वांगी वर्ज्य असतात. त्याआधी येणाऱ्या आषाढ शुद्ध नवमीला 'कांदेनवमी' म्हणतात. त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ असे पदार्थ आवर्जून केले जातात. ज्या पदार्थाला निरोप देण्यासाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा लागतो, तो पदार्थ नावडता कसा म्हणावा? कांदेनवमी ही आवड आणि निषेध यांच्यातील तडजोडीची कबुलीच होय. वर्ज्यतेचे कारण म्हणून पावसाळ्यात कांदा सडतो, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. परंतु रब्बीचा कांदा चाळीत साठवून पावसाळाभर विकला जातो, हे नाशिक जिल्ह्यातील कोणताही शेतकरी सांगू शकेल. लसूण तर वाळवून ठेवलेला वर्षभर टिकतो. आरोग्याचे हे स्पष्टीकरण निषेधाचे मूळ कारण नसून त्याचे उत्तरकालीन समर्थन असावे.

आता पर्यायाच्या तांत्रिक बाजूकडे वळू. रश्श्यात कांदा-लसूण एकच काम करीत नाही. पहिले काम वासाचे. फोडणीत पडताच सुटणारा उग्र, भूक चाळविणारा वास. दुसरे काम गोडीचे. कांदा परतून तांबूस झाला की त्यात एक गोडवा येतो. तिसरे काम दाटपणाचे. वाटलेला कांदा रश्श्याला अंग देतो. चिमूटभर हिंग यांपैकी केवळ पहिले काम करू शकतो. उरलेली दोन कामे कोणी करावयाची? याचे उत्तर कांदा-लसणाविना होणाऱ्या आमटीत सापडते. तिच्यात गोडीसाठी गूळ आहे. दाटपणासाठी ओले वा भाजलेले सुके खोबरे, तीळ अथवा दाण्याचे कूट आहे. वासासाठी हिंग आहेच. म्हणजे एका घटकाच्या जागी एक नव्हे, तर तीन घटक मिळून उभे राहिले आहेत. 'कांद्याऐवजी हिंग' असे आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात कांद्याऐवजी एक संपूर्ण रचना सिद्ध झालेली असते.

ही रचना मसाल्यांतही स्थिरावली. धने, जिरे, सुके खोबरे, तीळ, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, लवंग, दालचिनी व हिंग यांपासून होणारा गोडा मसाला एका बाजूस, तर लाल मिरची, कांदा, लसूण व खोबरे यांचा कोल्हापूर-सातारा भागातील कांदा-लसूण मसाला दुसऱ्या बाजूस, असे दोन स्वयंपाकी वळणांचे नकाशे महाराष्ट्रात आखता येतात. गोव्यातील व किनारपट्टीवरील सारस्वत घरांतून तर फोडणीचे जणू व्याकरणच आहे. कोणत्या पदार्थाला हिंगाची फोडणी, कोणत्याला लसणाची व कोणत्याला कांद्याची, हे ठरलेले असते. दाळितोयला हिंग आला की लसूण येत नाही. एकाच जागी दोघांपैकी एकच बसू शकतो, या रूढीतूनच ती जागा एकाच कार्याची आहे, हे सिद्ध होते.

अर्थात सर्वत्र हिंग पर्याय म्हणूनच येतो असे नाही. कांदेपोह्यांच्या फोडणीत हिंग आणि कांदा सुखाने एकत्र नांदतात. बरणीला हिंगाची धुरी देणे किंवा तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावणे या प्रथा त्याच्या औषधी पूर्वेतिहासाच्या खुणा आहेत. हिंग पर्याय ठरतो तो केवळ तेथे, जेथे कांदा-लसणाची जागा हेतुपुरस्सर रिकामी केलेली असते.

या रचनेमागे स्त्रियांचे श्रम व कौशल्य आहे. नियम पुरुषांनी लिहिलेल्या ग्रंथांतून आले. परंतु नियम पाळूनही घरातल्यांनी पोटभर जेवावे, ही जबाबदारी चुलीपाशी बसलेल्या स्त्रीची होती. वडीलधाऱ्यांसाठी हिंगाची आमटी बाजूला काढून उरलेल्या आमटीला मुलांसाठी वरून लसणाची फोडणी देणे, ही अनेक घरांतील रीत म्हणजे एका भांड्यात दोन पिढ्या सांभाळण्याची युक्ती होती. स्वतः त्या स्त्रीला काय आवडते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. उच्चवर्णीय विधवांच्या वाट्याला आलेल्या आहारनिर्बंधांचे, दिवसातून एकच वेळ जेवण्याच्या सक्तीचे वर्णन पंडिता रमाबाईंनी १८८७ साली इंग्रजी वाचकांसमोर ठेवले. लादलेल्या वर्ज्यतेला 'तिला चालत नाही' अशा शब्दांत मांडले की सक्तीही नावडीसारखी दिसू लागते.

रसायनशास्त्राची साक्ष

कांदा, लसूण व हिंग यांच्या वासाचे कारण रसायनशास्त्राने स्पष्ट केले आहे. लसूण ठेचला की त्यातील ॲलिइन या द्रव्यापासून ॲलिसिन तयार होते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्यही गंधकयुक्तच असते. हिंगाच्या उग्र वासामागेही गंधकाचीच बाष्पनशील संयुगे, विशेषतः डायसल्फाइडे, आहेत. ही संयुगे एकच नव्हेत. परंतु ती एकाच गोत्रातील म्हणावीत अशी आहेत. गरम तेलात वा तुपात पडताच हिंगाचा उग्रपणा मावळून कांदा-लसणाची आठवण करून देणारा वास सुटतो, तो यामुळे. निषेधाने जो वास मागच्या दाराने घालविला, तोच गृहपाकाने पुढच्या दाराने परत आणला.

या विधानाला चिनी बौद्ध परंपरेतून अनपेक्षित पुष्टी मिळते. चीनमध्ये प्रचलित असलेल्या ब्रह्मजालसूत्रात भिक्षूंना व उपासकांना पाच उग्र वनस्पती निषिद्ध सांगितल्या आहेत. त्यांत लसूण व कांद्याच्या जातींबरोबर हिंगाचीही गणना आहे. म्हणजे ज्यांनी वासाचा निकष सुसंगतपणे लावला, त्यांनी हिंगही वर्ज्य केला. आपल्याकडे निकष जर खरोखरच वासाचा किंवा उत्तेजक गुणाचा असता, तर हिंग सोवळ्यात शिरला नसता. जैन परंपरेत कंदमुळे वर्ज्य असताना मुळाच्या चिकापासून होणारा हिंग मात्र चालतो, हेही येथे लक्षात घ्यावे. त्या परंपरेतील अनंतकायाचा विचार वेगळा आहे व त्याला स्वतःची तर्कसंगती आहे. तथापि, तेथेही वर्ज्य आहे तो कंद, वास नव्हे.

ज्यांना निषेध नव्हता

या इतिहासाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य कष्टकरी समाजाचे जेवण शतकानुशतके भाकरी, कांदा आणि लसणाचा ठेचा असे राहिले. बुक्कीने फोडलेला कांदा हा त्यांच्यासाठी वर्ज्यावर्ज्याचा विषय नव्हता. भाकरी घशाखाली उतरविण्याचा तो आधार होता. त्यांच्या देवांनाही कांद्याचे वावडे नव्हते. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात रोडगा व वांग्याच्या भरताबरोबर पातीचा कांदा आणि लसूण असतो. अनेक घरांतून चातुर्मासातील वर्ज्य भाज्या त्याच दिवसापासून पुन्हा सुरू होतात. अरणच्या संत सावता माळी यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अभंगात तर मळ्यातील कांदा, मुळा, लसूण यांतच विठाईचे दर्शन आहे. कांदा देवाला चालत नाही आणि कांद्यातच देव आहे, या दोन्ही श्रद्धा एकाच मराठी मुलुखात, एकाच विठ्ठलाभोवती नांदल्या.

लिखित पाकशास्त्रात मात्र या दुसऱ्या बाजूला फार उशिरा स्थान मिळाले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' विसाव्या शतकाच्या आरंभी आले. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली घरोघरी पोहोचले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक यावयास २०१५ साल उजाडावे लागले. या पुस्तकाचे शीर्षकच पूर्वपरंपरेला विचारलेला प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. २०१९ साली कर्नाटकात शालेय मध्यान्ह भोजनातील कांदा-लसणाच्या अभावावरून सार्वजनिक वाद झाला. असे अन्न बेचव लागल्याने मुले पुरेसे जेवत नाहीत, असा आक्षेप कार्यकर्त्यांनी घेतला होता. एखाद्या घराने आपल्या चुलीवर कांदा न घालणे हा त्या घराचा अधिकार आहे. परंतु त्या घराची वर्ज्यता सार्वजनिक पंगतीचा नियम होते, तेव्हा ज्यांना कधी निषेधच नव्हता त्यांनाही पर्याय गोड मानून घ्यावा लागतो. फाहियानने नोंदविलेली सीमारेषा अशा वेळी पुन्हा दिसू लागते.

पर्यायाची बाजारपेठ

पर्यायाच्या इतिहासाला अर्थकारणाचीही बाजू आहे. शुद्ध हिंग अत्यंत उग्र असल्याने तो डिंक व गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात मिसळून विकला जातो. यालाच कायद्याच्या परिभाषेत बांधानी हिंग म्हणतात. मुंबईत १८९४ साली स्थापन झालेल्या लालजी गोधू आणि कंपनीसारख्या पेढ्यांनी त्याचा व्यापार वाढविला. उत्तर प्रदेशातील हाथरस हे हिंगप्रक्रियेचे मोठे केंद्र असून तेथील हिंगाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र कच्चा माल परदेशीच राहिला. २०२० साली देशात अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून वर्षाला सुमारे १,२०० टन कच्चा हिंग आयात होत असल्याचे सांगितले जात होते. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा प्रौद्योगिकी संस्थेने लाहौल खोऱ्यातील क्वारिंग गावी हिंगाचे पहिले रोप लावले.

यातील विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. जो कांदा नाशिकच्या मातीत शेजारच्या शेतकऱ्याच्या घामावर पिकतो, तो अशुद्ध ठरला. आणि जो हिंग हिंदुकुशापलीकडून, अनेक अनोळखी हातांतून व उंटांच्या पाठीवरून आला, तो सोवळ्यात बसला. दुरून आलेल्या वस्तूला जात विचारली जात नाही. शेजाऱ्याच्या वस्तूला मात्र विचारली जाते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कांदा-लसणाचा निषेध मुळात वर्णविशिष्ट आचाराचा भाग होता. चव, आरोग्य व गुणविचार ही कारणे त्याला मुख्यतः नंतर जोडली गेली असावीत.

२) हिंग भारतात औषध व राजपाकातील द्रव्य म्हणून रुजला. त्याला कांदा-लसणाच्या पर्यायाची भूमिका गृहपाकाने दिली आणि ती प्रामुख्याने स्त्रियांच्या प्रयोगशीलतेतून सिद्ध झाली.

३) हिंग एकटा पर्याय ठरत नाही. हिंग, गूळ व खोबरे-कूट मिळून कांद्याची तिन्ही कार्ये पार पाडतात. पर्याय हा घटकाचा नव्हे तर कार्याचा असतो.

४) पर्याय म्हणून गंधकाचाच वास निवडला गेला. नावड वासाची नव्हती, त्या वासाशी जोडलेल्या माणसांच्या शेजाराची होती, असे यावरून दिसते.

शेवटचा निष्कर्ष कोणाच्या घरातील चालीरीतींचा अधिक्षेप करण्यासाठी मांडलेला नाही. हिंगाची आमटी ही मराठी पाककौशल्याची एक सुंदर निर्मिती आहे आणि ती तशी राहावी. परंतु ती खाताना शेजारच्या घरातून येणाऱ्या लसणाच्या फोडणीला नाक मुरडण्याचे कारण उरत नाही, एवढे तरी इतिहास आपल्याला सांगतो. महाविद्यालयाच्या वर्गांत व वसतिगृहांच्या पंगतींत वेगवेगळ्या घरांतून आलेले विद्यार्थी एकत्र बसतात. आहाराचा इतिहास अभ्यासक्रमात आला, तर 'आमच्यात हे चालत नाही' या वाक्याचा अर्थ ते अधिक डोळसपणे तपासू शकतील.